भिंतीच्या बाहेरचा राक्षस कोण? 'अटॅक ऑन टायटन' आणि त्याच्यावरून भांडलेले चाहते

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे शब्दांकन. बोलताना जे अघळपघळ झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगतो, 'अटॅक ऑन टायटन'चा शेवट यात फुटणार आहे. अजून बघितलं किंवा वाचलं नसेल तर टॅब बंद करा, संपवून या. हे पान कुठे पळून जात नाही.

सुरुवात टायटनपासून नाही, एका पत्त्यापासून करतो. पत्ता म्हणजे खेळायचा पत्ता, कार्ड. १९७० साली जपानमध्ये दुसरीतल्या मुलांसाठीच्या एका मासिकाबरोबर राक्षसांच्या चित्रांची कार्डं आली होती. 'अल्ट्रासेव्हन' नावाची टीव्ही मालिका १९६७-६८मध्ये गाजून गेली होती, त्यातले परग्रहवासी आणि महाकाय प्राणी या कार्डांवर होते. त्यातला एक होता स्पेल नावाच्या ग्रहावरचा. पांढरं अंग, त्यावर भाजल्यासारखे वण. कार्डावर त्याची ओळख छापली होती ती अशी, की हा 'हिबाकु' परग्रहवासी. 'हिबाकु' म्हणजे अणुबॉम्बच्या किरणोत्साराचा बळी. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात, तोच हा शब्द.

माध्यमिक शाळेतल्या एका मुलीनं आपल्या धाकट्या भावाच्या मासिकात हे कार्ड बघितलं. तिचे वडील अणुबॉम्बग्रस्तांच्या संघटनेचं काम करायचे. मुलीनं विचारलं, वडिलांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि वातावरण तापलं. ज्या लोकांना लग्नाला मुलगी मिळत नव्हती, नोकरीत बाजूला काढलं जात होतं, त्यांनाच लहान मुलांच्या खेळात राक्षस करून टाकलं, असा सरळ आरोप होता. निर्मात्यांनी तो बारावा भाग कायमचा मागे घेतला. आजही 'अल्ट्रासेव्हन'च्या अधिकृत संचात अकरानंतर थेट तेरा येतो.

यातली गोची बघा. मूळ भागात तो 'हिबाकु' शब्द उच्चारलेलाच नाही. गोष्ट उलट अण्वस्त्रांच्या विरोधातली होती. आपल्याच स्फोटाने रक्त नासलेली एक जमात माणसांचं रक्त चोरायला येते, असं ते कथानक. बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक होतं आणि कार्ड हातात घेणाऱ्या मुलीपर्यंत भलतंच पोचलं. मालिकेचे कट्टर चाहते अजून म्हणतात, तो भाग एकदा दाखवा तरी, मग ठरवू. पण ज्याच्या अंगावर खरोखर वण आहेत त्याला 'संदर्भ समजून घ्या' हे सांगणं मला तरी जमणार नाही.

तसा हा धागा जुनाच. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख जपानी मासेमारी बोट 'लकी ड्रॅगन नंबर ५'वरच्या २३ खलाशांवर पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला 'गॉडझिला' प्रदर्शित झाला. जपानी प्रेक्षकाला त्यातली बोट जळताना बघून कुठली बोट आठवली असेल हे सांगायला नको. १९५६मध्ये तोच सिनेमा अमेरिकेत गेला तेव्हा रेमंड बर नावाचा अमेरिकी नट मध्ये घुसवला आणि अणुबॉम्बवरची बरीचशी चर्चा कापली. पुढे १९७७ ते १९७९मध्ये मार्व्हलनं गॉडझिलाचे २४ अंक काढले, त्यात तर तो अमेरिकाभर फिरत सुपरहिरोंशी मारामाऱ्या करतो. मजा आहे, पण १९५४ची ती राख त्यात राहिलेली नाही.

आता येऊ टायटनकडे.

हाजिमे इसायामा, जन्म १९८६, गाव ओयामा, जपानच्या क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतात. चारी बाजूंनी डोंगर. टोकियोत तो एका इंटरनेट कॅफेत काम करायचा आणि तिथे एका दारुड्या गिऱ्हाइकानं त्याची कॉलर धरली होती. समोरचा माणूसच आहे, पण त्याच्याशी बोलून काही उपयोग नाही, ही जी भीती आहे, त्यातून आपले टायटन आले असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. त्या टायटनांचे चेहरे आठवा. दात विचकून हसणारे, नागडे, डोळ्यांत काहीच नसलेले. ड्रॅगन किंवा डायनासोरपेक्षा ते जास्त भीतीदायक वाटतात ते याच कारणानं, ते माणसांसारखे दिसतात.

मांगा सप्टेंबर २००९मध्ये कोदान्शाच्या 'बेस्सात्सु शोनेन मॅगझीन' या मासिकात सुरू झाला. ५० मीटर उंच भिंतींच्या आत उरलीसुरली माणसं, बाहेर त्यांना खाणारे टायटन. शंभर वर्षं शांतता आणि मग एक दिवस भिंतीवरून ६० मीटरचा एक टायटन आत डोकावतो. २०१३च्या एप्रिलमध्ये अॅनिमे आला आणि मग जगभर वेड लागलं. माझ्या पिढीतल्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांत हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर हेच फिरत होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री सुद्धा.

त्याच २०१३मध्ये पहिलं मोठं भांडण झालं, तेही जपानच्या शेजारी, दक्षिण कोरियात. कोरियात टायटन इतका गाजला की मांगाच्या कोरियन नावातला पहिला शब्द, 'जिनग्योक', वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन बसला. काहीही अवाढव्य असलं की त्याला हा शब्द चिकटवायचा. आपल्याकडे कशालाही 'बाहुबली' म्हणतात ना, तसं. आणि याच लाटेत कुणीतरी इसायामाची २०१०ची एक जुनी ब्लॉगपोस्ट खोदून काढली. कमांडर डॉट पिक्सिस, तो टकला, मिशीवाला, दारू पिणारा, सगळ्यांचा लाडका म्हातारा सेनापती, त्याचा चेहरा मी अकियामा योशिफुरूवरून घेतला, असं तिथे लिहिलं होतं.

हा अकियामा कोण? जपानी माणसासाठी तो जपानच्या घोडदळाचा जनक. १९०४-०५च्या युद्धात रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांसमोर उभा राहिलेला. निवृत्तीनंतर मोठी पदं सोडून आपल्या मात्सुयामा गावी एका शाळेचा मुख्याध्यापक झालेला साधा माणूस. शिबा र्योतारोच्या कादंबरीनं त्याला घराघरांत पोचवलं आणि २००९ ते २०११ एनएचकेवर त्याच कादंबरीची मोठी मालिका चालू होती, म्हणजे इसायामा पिक्सिस काढत होता तेव्हाच. आता कोरियातून बघा. १९१० ते १९४५ कोरिया जपानची वसाहत होती. हाच अकियामा १९१६-१७मध्ये कोरियातल्या जपानी सैन्याचा सेनापती होता. म्हणजे तुमच्या खोलीत ज्या पात्राचं पोस्टर आहे त्याचा चेहरा तुमच्या पणजोबांच्या छातीवर बसलेल्या सैन्याच्या प्रमुखाचा.

त्या जुन्या पोस्टखाली शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या साचल्या. जपानी वाचक उलट भांडायला आले. गंमत म्हणा की दुर्दैव, इसायामाच्या ब्लॉगचं नावच होतं 'सध्या चालू असलेला काळा इतिहास'. जपानी तरुणांच्या बोलीत 'काळा इतिहास' म्हणजे आठवलं की लाज वाटावी असा स्वतःचा जुना पराक्रम.

धमक्यांचं समर्थन नाहीच. पण कोरियन चाहता का दुखावला हे मला समजतं. त्यानं मनापासून प्रेम केलं होतं म्हणून दुखावला. ज्याला टायटनशी देणंघेणं नव्हतं त्याने पोस्ट वाचलीही नसती.

दुसरी भीती राजकारणाची होती. डिसेंबर २०१२मध्ये शिंझो आबे परत पंतप्रधान झाले होते आणि युद्धाचा त्याग करणारं जपानी राज्यघटनेचं नववं कलम बदलायची भाषा जोरात होती. आणि इकडे एरेन ओरडतोय की भिंतीत राहून आपण गुरंढोरं झालोय, लढलो नाही तर जिंकणार कसे! कोरियातल्या माध्यमांत लगेच टीका झाली, की हा लष्करवादाचा प्रचार आहे, आबेंच्या सोयीचा.

आणि याच वेळी हाँगकाँगमध्ये तरुण पोरं तीच पानं वाचून अगदी उलटं बोलत होती. त्यांच्यासाठी भिंतीतलं शहर म्हणजे हाँगकाँग आणि बाहेरून येणारा, सगळं गिळणारा टायटन म्हणजे मुख्य भूमीवरचा चीन. १९९७ला शहर चीनकडे गेलं, घरांच्या किमती, मुख्य भूमीवरून येणारी गर्दी, निवडणुकांवरचं नियंत्रण, ही खदखद होतीच. २०१४च्या सप्टेंबरपासून ७९ दिवस छत्र्या घेऊन लोक रस्त्यावर बसले, ते या वातावरणातच. जून २०१५मध्ये चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयानं ३८ जपानी अॅनिमे काळ्या यादीत टाकले, त्यात 'अटॅक ऑन टायटन' होता. सरकारनं दिलेलं कारण हिंसा, अश्लीलता, मुलांवर वाईट परिणाम, हे नेहमीचं.

म्हणजे एकाच चित्रकथेत कोरियाला जपानी लष्कर दिसलं आणि हाँगकाँगला बीजिंग. आम्ही हॉस्टेलवाले काय बघत होतो? खरं सांगायचं तर गियर लावून हवेत उडणारा लेव्ही.

मग २०१६च्या शेवटी इसायामानं तळघर उघडलं. जे सात वर्षं वाट बघत होते त्यांना माहितीये मी काय म्हणतोय. तळघरात टायटनांचं औषध वगैरे नव्हतं, इतिहास होता. कळलं असं, की भिंतीबाहेर जग जिवंत आहे. भिंतीतले लोक एल्डियन वंशाचे. त्यांच्या पूर्वजांनी टायटनांची ताकद वापरून शतकानुशतकं बाकीच्यांना चिरडलं. आता मार्ली नावाचं राष्ट्र वर आहे आणि तिथे राहिलेल्या एल्डियनांना लिबेरियो नावाच्या कुंपणबंद वस्तीत ठेवतं, दंडावर ताऱ्याची पट्टी बांधून. गुन्हेगार ठरवलेल्या एल्डियनांना इंजेक्शन देऊन टायटन बनवतात आणि बेटावर सोडतात. म्हणजे इतके दिवस एरेन आणि मंडळी ज्यांना कापत होती ती त्यांचीच माणसं होती.

पट्टी आणि कुंपण म्हटल्यावर जगाला नाझी जर्मनी आणि ज्यू आठवणार नाही असं होणारच नव्हतं. २०१९मध्ये हा भाग अॅनिमेत आला तेव्हा 'पॉलिगॉन'नं या कथेतल्या फॅसिस्ट छटांवर लेख लिहिला, २०२०मध्ये 'द न्यू रिपब्लिक'नं लिहिलं की अमेरिकेतल्या कट्टर उजव्यांना ही मालिका फार आवडते. चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, अरे ही तर वंशद्वेषाच्या विरोधातली गोष्ट आहे, ग्रिशाच्या लहान बहिणीला कुत्र्यांपुढे टाकतात ते पान विसरलात का? दुसरा म्हणे, थांबा. ज्यूंबद्दल शतकानुशतकं खोटं पसरवलं गेलं की हे वेगळ्याच रक्ताचे आहेत, आतून राक्षस आहेत, पडद्यामागून जग चालवतात. या कथेत एल्डियन खरोखरच राक्षस होऊ शकतात आणि एक एल्डियन घराणं खरोखरच पडद्यामागून मार्ली चालवतं. खोट्या आरोपाला तुम्ही कथेत खरं करून टाकलंत, मग त्याचा निषेध कसला करता?

मी हा दुसरा मुद्दा बऱ्याच दिवसांत विसरू शकलेलो नाही. मला वाटतं इसायामाचा हेतू द्वेष पसरवण्याचा नव्हता. पण रूपक उचलताना त्याने खऱ्या माणसांच्या जखमेवरची पट्टी उचलली आणि तिचं वजन किती आहे ते पूर्ण तोललं नाही. पुराव्याला २०२१चा किस्सा आहेच. एल्डियनांच्या दंडाची ती पट्टी चक्क चाहत्यांसाठी वस्तू म्हणून विक्रीला काढली होती! कीचेन, टी-शर्ट आणि वंशभेदाची पट्टी. चाहत्यांनीच आरडाओरडा केला, विक्री रद्द झाली, माफी मागितली गेली. त्या वेळी चाहत्यांना कळलं ते विकणाऱ्यांना कळलं नव्हतं.

आता जरा घरचं बोलतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक बंगाली सहकारी आहे, तीही टायटनची फॅन. लिबेरियोवरून वाद घालता घालता ती म्हणाली, तुला बर्गीचं अंगाईगीत माहितीये का? बंगालमध्ये बाळ झोपत नसेल तर आई-आजी गाते, त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे बारगीर. म्हणजे आपण. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२पासून १७५१पर्यंत जवळजवळ दरवर्षी चौथाईसाठी बंगालवर चालून जात होत्या, भास्करपंत कोल्हटकर पुढे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्या लुटीवर एक काव्य लिहिलं, त्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव ऐकून आपली छाती फुगेल, वाचून फुगणार नाही. आणि कलकत्त्याच्या लोकांनी १७४२मध्ये मराठे येतील म्हणून शहराभोवती खंदक खणायला घेतला. 'मराठा डिच'. तो अर्धवट राहिला, मराठे तिथपर्यंत आलेच नाहीत, पुढे तो बुजवून रस्ता झाला.

विचार करा. त्या शहरात भिंतीच्या जागी खंदक होता आणि बाहेरचे टायटन आपण होतो. तहात ओरिसा आणि वर्षाला १२ लाख चौथाई मिळाली हे आपण पराक्रमाच्या रकान्यात वाचतो, आणि तिथे लहान मूल त्या नावानं डोळे मिटतं. ती सहकारी हे अगदी हसत हसत सांगत होती, राग वगैरे काही नाही. मी मात्र त्या दिवशी जेवताना अकियामाच्या पोस्टखालच्या कोरियन पोरांचा विचार करत होतो. इकडे कुणी मराठी चित्रकारानं उद्या भास्करपंतांचा चेहरा एका लाडक्या पात्राला दिला, तर आपल्याला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. कलकत्त्यातल्या वाचकाला वाटेल का, आणि वाटलं तर आपण त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलू? धमकीच्या की...? असो.

शेवटाकडे येऊ. एरेन भिंतींमधले लाखो महाकाय टायटन जागे करतो आणि जग तुडवायला निघतो, ज्याला फॅन 'रंबलिंग' म्हणतात. ८० टक्के माणसं मरतात. ९ एप्रिल २०२१ला १३९वा, शेवटचा चॅप्टर आला. त्यात आर्मिन, सगळ्यांत शहाणा पोरगा, एरेनला जे बोलतो त्याचा सूर आभाराचा होता, आमच्यासाठी तू खुनी झालास, असा काहीतरी. पेटलंच!

आणि इथे दोन वेगवेगळे लोक रागावले होते, हे नीट वेगळं करायला हवं. काहीजण म्हणाले, नरसंहाराला धन्यवाद? डोकं ठिकाणावर आहे का? आणि काहीजण, कथेतल्या एरेनच्या पाठीराख्यांवरून स्वतःला 'येगरिस्ट' म्हणवणारे, म्हणाले, ८०च का? शंभर टक्के का नाही केले? शेवटच्या पानांवर एरेन मिकासासाठी रडतो, 'मला नको तिने दुसऱ्या कुणावर प्रेम करावं' म्हणून लहान मुलासारखा हट्ट करतो, तेही त्यांना झेपलं नाही. त्यांचा देव रडका निघाला. चाहत्यांच्या एका गटानं तर स्वतः पानं काढून पर्यायी शेवट रचला, 'नो रेक्विएम' नावानं. कष्ट अफाट, चित्रं उत्तम. पण मला तो रडका एरेनच जास्त खरा वाटतो. जग जाळणारा माणूस आतून असा क्षुद्र असणं यातच तर खरी भीती आहे. लोकांना भव्य हुकूमशहा हवा असतो, इसायामानं १९ वर्षांचा गोंधळलेला मुलगा दिला.

जूनमध्ये ३४वा खंड आला, त्यात जादा पानं होती. खूप वर्षांनंतर एरेनचं गाव मोठं शहर होतं आणि एका युद्धात बेचिराख होतं. म्हणजे ८० टक्के मारूनही युद्ध काही थांबलं नाही. माझ्या मते 'नरसंहाराचं समर्थन' या आरोपाला दिलेलं सगळ्यांत स्पष्ट उत्तर ते आहे, फक्त दोन महिने उशिरा आलं.

इसायामा नोव्हेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या अॅनिमे महोत्सवात गेला. हॉल भरलेला. शेवटाबद्दल बोलताना त्याचा आवाज अडकला, ते नीट जमलं की नाही हे आपल्यालाच अजून कळत नाही असं म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवून त्याला सावरलं. नोव्हेंबर २०२३मध्ये अॅनिमेचा शेवटचा भाग आला तेव्हा आर्मिनचे संवाद बदललेले होते. आता तो खुनी झाल्याबद्दल आभार मानत नाही. बाहेरच्या जगाचं पुस्तक मीच तुला दाखवलं होतं, यात मीही आहे, नरकात आपण बरोबर असू, असं तो म्हणतो. मांगा वाचून ओरडलेल्यांचं ऐकून लेखकानं शेवट बदलला नाही, पण त्या एका वाक्याचं वजन बदललं. त्याच सुमारास एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की हा शेवट मी तरुणपणीच ठरवून टाकला होता आणि मग त्यातून मला बाहेर पडता आलं नाही, एरेनसारखंच.

ओयामाला एक धरण आहे. २०२०मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून त्याच्या पायथ्याशी एरेन, मिकासा आणि आर्मिनचे पुतळे बसवले गेले. लहानपणीचे, भिंतीकडे मान वर करून बघणारे, टायटन डोकावला त्या क्षणाचे. जगभरातून लोक तिथे जातात. कोरियाहूनही जातात, विमानानं फार लांब नाही.

पुढच्या भागात काय घ्यायचं ते तुम्ही सांगा. 'बेअरफूट गेन' सुचवणाऱ्यांचे मेसेज मिळालेत, तो होणार. तोवर, येगरिस्ट मंडळींनी मला शिव्या घालायच्या असतील तर मराठीतच घाला, उत्तर द्यायला सोपं जातं.